आरोग्याचे उपक्रम होतात, पण ज्यांना गरज आहे तेच येत नाहीत

प्रश्न – नवीसमन्वयक

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी आमच्या संस्थेच्या कर्मचारी-कल्याण समितीचे काम माझ्याकडे आले. मी मूळची लेखा विभागातली आहे आणि या विषयाचे शिक्षण मला नाही, म्हणून येथील अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. आम्ही सुमारे १८० जण आहोत. त्यांत कार्यालयीन कर्मचारी आहेत, ग्राहकांच्या तक्रारी घेणारा आणि दोन पाळ्यांत चालणारा एक कक्ष आहे, आणि एक गोदाम आहे.

आधीच्या समितीने गेल्या वर्षी तीन गोष्टी केल्या: सर्वांची आरोग्य तपासणी, ध्यानधारणेच्या ॲपचे वर्षभराचे सदस्यत्व आणि तीस दिवसांची चालण्याची स्पर्धा. तपासणीला बरेच लोक आले. ॲप सुरुवातीला अनेकांनी उघडून पाहिले, पण तिसऱ्या महिन्यापर्यंत ते वापरणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. ज्या तक्रार कक्षातले लोक सर्वांत जास्त थकलेले दिसतात आणि जिथून नोकरी सोडून जाणारेही सर्वांत जास्त आहेत, तिथून या तिन्ही गोष्टींना जवळजवळ कोणीच आले नाही.

स्पर्धेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न विचारावासा वाटला तो त्यामुळेच. प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर रोज प्रत्येकाच्या पावलांची संख्या क्रमाने लावली जात असे. नावांची यादी हजेरीपटावरून जशीच्या तशी उचललेली होती. त्यामुळे कुबड्या घेऊन चालणाऱ्या आमच्या एका सहकारी महिलेचे नावही तीत आले आणि जवळपास महिनाभर ते सर्वांत खाली, पुढे शून्य, असे तिथेच राहिले. त्या फलकासमोरून आम्ही सगळे रोज जात होतो, मीही जात होते. शेवटच्या आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझं तेवढं नाव काढायला सांगता का? कोणाला कळू नका देऊ, उगाच विषय होईल." नाव काढले गेले, पण तेव्हापासून तो फलक माझ्या डोक्यातून जात नाही.

माझे प्रश्न असे आहेत. यंदा हेच उपक्रम अधिक उत्साहाने करावेत, की मुळातच काही वेगळे करावे? कोणाच्या खासगी गोष्टींत नाक न खुपसता, कोणाला काय अडचण आहे हे कसे कळून घ्यावे? आणि व्यवस्थापनाला वर्षाअखेरीस 'सहभागाचा आकडा' हवा असतो, त्याचे काय करावे?

उत्तर १ – कामगारवैद्य

मी वैद्यक आहे आणि माझी बरीच वर्षे कामाच्या ठिकाणच्या आरोग्यातच गेली आहेत. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच लिखाणात आहे: तक्रार कक्षातले लोक आले नाहीत. फोन सोडून उठण्याची मुभाच ज्याला नाही, त्याला दुपारी तीनच्या ध्यानवर्गाचे निमंत्रण म्हणजे थट्टा वाटते. मोकळा वेळ, वरिष्ठांचा विश्वास आणि बऱ्यापैकी प्रकृती या गोष्टी ज्यांच्याकडे आधीच असतात, तेच बहुधा अशा उपक्रमांना येतात.

हे केवळ माझे मत नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने आपल्या सुमारे ४,८०० कर्मचाऱ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून एका गटाला आरोग्य कार्यक्रम दिला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वैद्यकीय खर्च, सवयी किंवा गैरहजेरी यांवर त्या कार्यक्रमाचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. ज्यांनी भाग घेतला ते मुळातच अधिक निरोगी होते, एवढे मात्र स्पष्ट झाले. ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ॲप, ताण हाताळण्याचे प्रशिक्षण, झोपेविषयीचे मार्गदर्शन अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा बरे असल्याचे त्यांना आढळले नाही. ही एका वेळची पाहणी असल्याने तिच्यावरून कार्यकारणाचा अंतिम निवाडा करता येणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण दोन्ही अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात.

मग आजार येतो कुठून? रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार आजही उपयोगी पडतो. कामाची मागणी जास्त असणे हे एकटे तितके घातक नसते. मागणी जास्त आणि ते काम कसे करावे हे ठरवण्याचा अधिकार मात्र कमी, ही जोडी माणसाला पोखरते. लंडनमधील १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून पाठपुरावा करणाऱ्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की खालच्या श्रेणीतल्या लोकांना हृदयरोग जास्त होण्यामागे कामावर ताबा नसणे हे एक मोठे कारण आहे. आपला तक्रार कक्ष या नजरेने पाहा. तिथे बसलेल्या माणसाला दिवसभर लोकांचा राग ऐकावा लागतो. त्याला माफी मागण्याचा अधिकार असतो, चूक दुरुस्त करण्याचा नसतो. त्यासाठी वरिष्ठांची परवानगी हवी, आणि वरिष्ठ बैठकीत असतात.

मी पूर्वी पाहिलेल्या एका कक्षात सोमवारपासूनच्या पाळ्यांचा कागद शनिवारी संध्याकाळी लागत असे. लहान मुलांचे पालक, आजारी आईवडिलांची शुश्रूषा करणारे, स्वतः डायलिसिसवर असलेले एक गृहस्थ, असे सगळे त्या कागदाभोवती उभे राहून मोबाइलवर त्याचा फोटो काढत आणि तिथूनच घरी फोन लावत. आम्ही तिथे दोनच गोष्टी बदलल्या. वेळापत्रक दोन आठवडे आधी लावायचे ठरले, आणि वरिष्ठांना फक्त कळवून आपापसांत पाळी बदलण्याची मुभा दिली गेली. यासाठी पैसा लागला नाही, पण कक्षप्रमुखांना सलग तीन महिने वेळापत्रकाशी झुंजावे लागले. डायलिसिसवाल्या गृहस्थांनी त्याआधी कधीही कोणाकडे सवलत मागितली नव्हती, हे मला फार नंतर कळले.

दुसरी गोष्ट तासांची. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळतो. आपल्याकडे कोण ५५ तासांच्या वर जाते, हे हजेरीच्या नोंदींतून आजच काढता येईल. ॲपच्या सदस्यत्वाचे नूतनीकरण करण्याआधी ती यादी पाहावी.

उत्तर २ – मधलीपायरी

कामगारवैद्यांचे म्हणणे तत्त्वतः मान्य आहे, पण मी चौदा जणांच्या गटाचा प्रमुख आहे आणि मला वेगळे दिसते. मुदती मी ठरवत नाही, ग्राहक ठरवतो. माणसे किती द्यायची हे माझ्या वरचे ठरवतात. अशा स्थितीत 'कामाची रचना बदला' असे कोणी सांगितले की तो चेंडूही माझ्याच अंगणात येऊन पडतो. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडून उत्पादन वाढवण्याची अपेक्षा झाली, खर्च कमी करण्याची झाली, आणि आता प्रत्येकाच्या मनःस्थितीची दखल घेण्याचीही आहे. यातल्या शेवटच्या कामासाठी वेळ कोणता द्यायचा, हे कोणीही सांगितलेले नाही.

शिवाय आरोग्य तपासणीला सरसकट निकालात काढू नये. आमच्या गटातील एका सहकाऱ्याचा रक्तदाब धोकादायक पातळीला गेला होता, हे अशाच तपासणीत समजले. त्याला एरवी त्याचा पत्ताही लागला नसता, आणि लागला असता तर कदाचित फार उशिरा.

समन्वयकांना एवढेच सुचवतो की मधल्या फळीतल्या लोकांना आधी विचारावे. आमच्याकडे काय बदलण्याचा अधिकार आहे आणि काय नाही, याची यादी आमच्याकडूनच घ्यावी. ती यादी वाचून व्यवस्थापनालाही थोडा धक्का बसेल, असा माझा अंदाज आहे.

उत्तर ३ – ओठवाचक

मला लहानपणापासून कमी ऐकू येते. मी श्रवणयंत्र वापरते आणि समोरच्याचे ओठ वाचते. त्या फलकाबद्दल वाचले आणि त्या बाईंचे "उगाच विषय होईल" हे शब्द मला फार ओळखीचे वाटले.

आमच्या साप्ताहिक बैठकीचे उदाहरण देते. आमचे पूर्वीचे प्रमुख अत्यंत सज्जन गृहस्थ होते. बोलता बोलता ते पांढऱ्या फळ्याकडे वळत आणि पाठमोरे असतानाच सर्वांत महत्त्वाचे वाक्य बोलत. मग सगळे हसत, मीही हसत असे, आणि नंतर शेजारणीच्या वहीत डोकावून काय ठरले ते पाहत असे. दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली की माझ्यासाठी बैठक तिथेच संपे. संध्याकाळी डोके असे दुखे की घरी कोणाशी बोलावेसे वाटत नसे. हा थकवा कामाचा नव्हता. ऐकण्यासाठी करावी लागणारी ती मेहनत होती, आणि आरोग्य तपासणीच्या अहवालात ती कुठेच दिसत नव्हती. वर उल्लेख झालेल्या 'कल्याणा'चा आणि समावेशनाचा, म्हणजे प्रत्येकाला कामात बरोबरीने सामावून घेण्याचा, संबंध मला इथे दिसतो. आमच्या संस्थेत मात्र या दोन विषयांच्या दोन वेगळ्या समित्या होत्या आणि त्यांची आपसांत भेट होत नसे.

बदल झाला तो नव्या प्रमुखांमुळे. त्यांनी आल्या आल्या प्रत्येकाला, माझ्यासह सर्वांना, एकच प्रश्न विचारला: "तुमचं काम नीट व्हावं म्हणून इथे काय बदलायला हवं?" त्यांनी आजाराचे नाव विचारले नाही की प्रमाणपत्र मागितले नाही. मी म्हटले, बोलताना तोंड माझ्याकडे असावे, बैठकीचे विषय आदल्या दिवशी लिहून मिळावेत आणि ऑनलाइन बैठकीत कॅप्शन सुरू असावेत. माझ्या शेजारणीने मागितले की सकाळी अर्धा तास उशिरा येऊन संध्याकाळी अर्धा तास उशिरा जाता यावे. एका सहकाऱ्याने संकोचत सांगितले की कामाच्या तक्त्यातले लाल आणि हिरवे चौकोन त्याला सारखेच दिसतात. तो चार वर्षे आमच्यात होता आणि त्याच्या चुकांवरून त्याला निष्काळजी म्हटले जात होते. (उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारणतः बारांपैकी एकाला हा रंगदोष असतो, म्हणजे ही गोष्ट काही दुर्मीळ नव्हे.) चौकोनांत रंगासोबत 'झाले' आणि 'बाकी' असे शब्द लिहायला एक दुपार लागली. कॅप्शनचा उपयोग पुढे माझ्यापेक्षा, आवाजाच्या गोंगाटात बसणाऱ्या गोदामातल्या मंडळींना जास्त झाला.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नावर माझे उत्तर असे: अडचण विचारू नका, गरज विचारा आणि ती सर्वांना विचारा. फक्त मला विचारले असते तर मी "सगळं ठीक आहे" म्हटले असते. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात, वाजवी सोय नाकारणे हा भेदभावच मानला आहे. त्यामुळे या गोष्टी कोणाच्या मर्जीवर किंवा मनाच्या मोठेपणावर सोडायच्या नसतात. प्रत्यक्षात मात्र सर्वांत जास्त दुखते ते वाट पाहणे. माझ्या एका मैत्रिणीला टेबलाची उंची बदलून मिळायला सात महिने लागले. नकार कोणीच दिला नाही, फक्त कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिला.

नवीसमन्वयक

सर्वांचे मनापासून आभार. मधलीपायरी यांची यादीची सूचना मी लगेच अमलात आणत आहे. आणखी एक प्रसंग समोर आहे. आमचे एक सहकारी मानसिक आजारामुळे घेतलेल्या दीर्घ रजेनंतर पुढच्या महिन्यात रुजू होत आहेत. त्यांच्या गटातले लोक मला विचारत आहेत की त्यांच्याशी कसे वागावे, काही बोलावे की नाही. माझ्याकडे उत्तर नाही.

उत्तर ४ – परतलेला

मी नैराश्यामुळे चार महिन्यांच्या रजेवर होतो आणि परत येऊन आता तीन वर्षे झाली, म्हणून लिहितो.

पहिल्या दिवशी मी लॅपटॉप उघडला तेव्हा दोन हजारांहून अधिक ईमेल असतील अशी माझी तयारी होती, आणि त्या भीतीने आदल्या रात्री झोप लागली नव्हती. प्रत्यक्षात माझ्या एका सहकाऱ्याने माझी परवानगी घेऊन त्या आधीच चाळल्या होत्या. मला फक्त अकरा दिसत होत्या आणि बाकीच्या एका वेगळ्या कप्प्यात ठेवल्या होत्या. माझ्यासाठी याहून उपयोगी गोष्ट त्या आठवड्यात कोणीही केली नाही.

सर्वांत जास्त त्रास झाला तो लोकांच्या चांगुलपणाचा. मी ज्या प्रकल्पावर दोन वर्षे काम केले होते, तो मला न विचारता दुसऱ्याकडे दिला गेला, "तुम्हाला ताण नको" म्हणून. हेतू चांगला असला तरी मला त्याचा अर्थ एवढाच लागला की आता माझ्यावर कोणी भरवसा ठेवणार नाही. कामाचा भार कमी करणे आणि कामातले स्थान कमी करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि यातले काय हवे आहे ते त्या माणसालाच विचारायला हवे.

व्यवहारात असे करावे. रुजू होण्याआधी त्यांच्याशी एकदा बोलून तास टप्प्याटप्प्याने कसे वाढवायचे ते लेखी ठरवावे. माझे पहिले दोन आठवडे अर्ध्या दिवसाचे होते आणि पूर्ण वेळेवर यायला सहा आठवडे लागले. वेग पुन्हा कमी करावा लागला तर ती हार समजली जाणार नाही, हेही त्याच कागदावर लिहावे. त्यांच्या उपचारांची वेळ ही रजा नसून ठरलेली वेळ आहे, असे वेळापत्रकात दिसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांतही, अशा परतीसाठी कामातील बदल आणि वैद्यकीय उपचार हे हातात हात घालून चालावेत असे सांगितले आहे. त्याच सूचनांत व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाचीही शिफारस आहे, ती मधलीपायरी यांच्या उपयोगाची ठरेल.

गटाला काय सांगायचे, ते एक वाक्य त्यांनीच ठरवावे. माझे वाक्य होते: "प्रकृतीच्या कारणाने रजेवर होतो, आता बरा आहे, बाकीचं हळूहळू बोलू." त्यापलीकडे कोणी विचारले तर माझ्या वरिष्ठांनीही तेच वाक्य म्हणायचे, असे ठरले होते. गटातल्या लोकांना एवढेच सांगा की चहाला बोलवा, कामाचे बोला आणि टाळू नका. पहिल्या आठवड्यात मी जिन्यावर दिसलो की दोघेजण वळून लिफ्टकडे जात. ते मला अजून आठवते.

उत्तर ५ – कामगारवैद्य

मधलीपायरी यांचा आक्षेप रास्त आहे. तपासणी निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नव्हते. रक्तदाब सापडला हे उत्तमच झाले. पण तो कशाने वाढला असेल, हा प्रश्न तपासणीच्या टेबलाशी संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित घटना म्हणून. आणि व्याख्या करताना त्याचे मूळ कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणात सांगितले. सगळा भार गटप्रमुखांवर टाकू नये, हेही मान्य. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारिणीने ताणाच्या व्यवस्थापनासाठी जी सहा क्षेत्रे ठरवली आहेत, म्हणजे कामाची मागणी, ताबा, पाठबळ, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल, त्यांतली निम्मी तरी गटप्रमुखांच्या हाताबाहेरची असतात.

आता आकड्याविषयी. सहभागाचा आकडा देऊ नका असे मी म्हणणार नाही, कारण तो मागितला जाणारच. त्याच्या शेजारी मात्र दुसरे आकडे ठेवावेत: किती जणांनी ५५ तास ओलांडले, किती पाळ्या ऐनवेळी बदलल्या गेल्या, हक्काची रजा किती जणांना घेताच आली नाही, कोणत्या कक्षातून लोक किती महिन्यांत सोडून गेले, आणि सोय मागितल्यापासून ती मिळेपर्यंत किती दिवस लागले. टेबलाच्या सात महिन्यांची गोष्ट वाचल्यावर हा शेवटचा आकडा मी सर्वांत वर ठेवीन. निनावी पाहणी केली तर दहापेक्षा कमी लोकांच्या गटाचे निकाल वेगळे दाखवू नयेत. चार जणांच्या विभागात 'एकजण असमाधानी' असे छापले की दुपारपर्यंत त्या एकाचे नाव सर्वांना माहीत झालेले असते.

नवीसमन्वयक

काल तक्रार कक्षाच्या प्रमुखांशी बोलले. पाळ्यांचा कागद त्यांच्याकडे गुरुवारीच तयार असतो आणि केवळ सहीसाठी तो शनिवारपर्यंत थांबतो, असे निघाले. पहिल्या टप्प्यात एक आठवडा आधी आणि प्रवेशद्वाराजवळच्या, पावलांच्या जुन्या फलकावरच तो लावायचा, असे ठरत आहे. ज्यांचे नाव तिथे खाली राहिले होते त्यांना मी समितीत येण्याविषयी विचारले. "आधी काम काय आहे ते सांगा, मग बघते," असे त्या म्हणाल्या.

ओठवाचक

उत्तम. फक्त फलक डोळ्यांच्या पातळीला आणि मोठ्या अक्षरांत असावा, आणि तोच मजकूर मोबाइलवरही पाठवावा. गोदामातली माणसे बहुधा मागच्या दाराने येत असतील.